असील म्हणजे कोण?

'असील' हा शब्द मुळात अरबी. 'अस्ल' म्हणजे मूळ. ज्याचे मूळ पक्के, ज्याच्या वंशात भेसळ नाही, तो असील. मराठीतले 'अस्सल' आणि 'कमअस्सल' हे शब्दही याच कुळातले. आम्ही मात्र हा शब्द प्रथम ऐकला तो कोंबड्याच्या बाबतीत. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी दादीअम्मांच्या अंगणात एक लाल कोंबडा असे. उभा राहिला की मान सरळ आभाळाकडे. पिसे आखूड आणि अंगाला चिकटलेली, तुरा बसका, गळ्याखालचे कल्ले जवळजवळ नाहीतच, पाय जाडजूड आणि पिवळेधमक. घरी पाहुणा आला की दादीअम्मा त्याची ओळख करून देत, "ये असील है." आणि हसून पुढे जोडत, "हमारे जैसा."

त्या 'हमारे जैसा'चा विचार आम्ही फार उशिरा करू लागलो. नोकरीनिमित्त गाव सुटले, शहरे बदलली आणि प्रत्येक ठिकाणी, मराठीत बोलत असतानाच, एक प्रश्न हटकून समोर आला: "पण तुम्ही मूळचे कुठले?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे आम्हाला आजही नीट सुचत नाही. पण ज्याच्या नावातच मूळ आहे त्या कोंबड्याची वंशावळ शोधायला काय हरकत आहे, असे वाटले. शोधता शोधता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

'घर की मुर्गी दाल बराबर' ही म्हण आपण सहज वापरतो. इतिहासानेही कोंबडीला तशीच वागणूक दिलेली आहे. घोडा, हत्ती, बाज यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले. कोंबडी बायकांच्या आणि गरिबांच्या अंगणात राहिली. तरीही काही लेखकांनी तिच्याकडे डोळसपणे पाहिले. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्‌-जाहिज याने 'किताब अल्‌-हयवान' हा प्राण्यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात कुत्र्याचा कैवारी आणि कोंबड्याचा कैवारी यांचा लांबलचक वाद रंगवलेला आहे. दोन शहाणी माणसे कुत्रा थोर की कोंबडा थोर यावर पानेच्या पाने भांडतात, आणि त्या निमित्ताने तो काळ या प्राण्यांविषयी काय जाणत होता ते सारे नोंदले जाते.

त्याहून महत्त्वाची नोंद बगदादच्या अब्दुल लतीफ या वैद्याची आहे. हा बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये गेला आणि तिथले वर्णन त्याने लिहून ठेवले. इजिप्तमध्ये पिल्ले काढण्याचे काम कोंबडीवर फारसे सोपवत नाहीत, त्यासाठी खास भट्ट्या आहेत आणि तो एक व्यवसायच आहे, हे पाहून तो चकित झाला. विटामातीच्या खोल्या, मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना दुमजली कोनाडे, वर शेणाच्या गोवऱ्यांची धग, खाली हजारो अंडी. ना तापमापक, ना घड्याळ. भट्टीवाला अंडे उचलून डोळ्याच्या पापणीला लावी आणि ऊब कमी की जास्त ते सांगे. हे कसब घराण्यात बापाकडून मुलाकडे जाई. पुढे १७४९ साली फ्रान्सच्या रेओम्युर या शास्त्रज्ञाने कृत्रिम उबवणीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच्यासमोर नमुना होता तो याच भट्ट्यांचा. आजच्या उबवणी यंत्रात साडेसदतीस अंशांच्या आसपास उष्णता राखतात, अंडी दिवसातून अनेकदा फिरवतात आणि शेवटचे तीन दिवस फिरवणे थांबवतात. एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येते. मिसरच्या अक्षरशून्य भट्टीवाल्याच्या पापणीला हे गणित कित्येक शतके आधीच ठाऊक होते.

आमच्या दादीअम्मांना मिसर ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण कोंबडी खुडूक झाली (आमच्या दखनीत 'कुडक') की त्यांचीही लगबग सुरू होई. बांबूच्या पाटीत आधी राख, तिच्यावर भुसा, कोपऱ्यात एक कोळसा आणि गंजका खिळा. वीज कडाडली तर अंड्यांना बाधू नये म्हणून तो खिळा. मग अकरा किंवा तेरा अंडी. आठवड्याने रात्री कंदिलापुढे एकेक अंडे धरून त्या पाहत. आत लाल जाळे दिसले तर अंडे परत पाटीत, नुसताच उजेड दिसला तर बाजूला. अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी कोमट पाण्याच्या परातीत अंडी अलगद सोडत. आत जीव असेल ते अंडे पाण्यावर थरथरते. आम्ही मुले श्वास रोखून परातीभोवती बसत असू.

ही अंडी सगळी घरचीच नसत. आमची असील कोंबडी रवणाला पक्की म्हणून पाटलांच्या वाड्यातून, बौद्धवाड्यातून, वडारांच्या पालांतून अंडी येत. निघालेल्या पिल्लांची निमवाट्याने वाटणी होई. कुणाचे अंडे कुठले ते दादीअम्मा कोळशाने खूण करून ठेवत. आमच्या लाल कोंबड्याची संतती अशी सगळ्या गावात फिरत होती. गावातली माणसे ज्या उंबऱ्यांना शिवत नसत, त्या उंबऱ्यांच्या आत आमची पिल्ले दाणे टिपत.

राजेरजवाड्यांचा शौक याहून वेगळा. अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या कबूतरांची जी माहिती दिली आहे, ती वाचली तर पैदाशीचे शास्त्र किती पुढे गेले होते ते कळते. दरबारात वीस हजारांवर कबूतरे होती आणि निरनिराळ्या वाणांच्या जोड्या जुळवून ती सुधारली जात. या नोंदीचे पुढे काय झाले ते मोठे गमतीचे आहे. १८५९ साली चार्ल्स डार्विनने आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात, माणूस निवड करून जात कशी घडवतो हे सांगताना, अकबराच्या कबूतरांचा दाखला दिला. बादशहाचा शौक उत्क्रांतिवादाचा पुरावा बनला. जहांगीर तर बापाच्याही पुढे. त्याने सारसांची जोडी पाळली, त्यांची नावे लैला-मजनू ठेवली आणि मादीने अंडी कधी घातली, ऊब द्यायला कोण केव्हा बसते, पिल्ले कशी निघाली हे रोजनिशीत टिपून ठेवले. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेला टर्की पक्षी पाहून तो हरखला आणि उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. मोगलांच्या या निसर्गवेडावर विसाव्या शतकात तपशिलाने लिहिले ते मुंबईच्या सालिम अलींनी.

असीलचे नाव मात्र गाजले ते लखनौमुळे आणि झुंजीमुळे. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. नवाब आसफुद्दौला आणि कर्नल मॉर्डंट यांच्या कोंबड्यांच्या झुंजीचे योहान झोफानीने काढलेले चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. अब्दुल हलीम शररनी 'गुजिश्ता लखनौ'मध्ये मुर्गबाजीवर लिहिले आहे. क्लॉड मार्टिनसारखा फ्रेंच सेनानी या शौकात कसा तरबेज होता तेही त्यांनी सांगितले आहे. या वर्णनांत नवाब आहेत, कर्नल आहेत, पैजा आहेत. ज्या बाईने त्या कोंबड्याचे अंडे उबवले ती कुठेच नाही. झोफानीच्या चित्रात माणसांची दाटी आहे, पण एकही रवणाची पाटी नाही.

शिवाय असील हा काही नवाबांच्या हवेलीत जन्मलेला वाण नव्हे. त्याचे आजचे घर पाहिले तर आंध्र-तेलंगणाचा काही भाग, छत्तीसगडचा बस्तर-दंतेवाडा आणि ओडिशाचा कोरापूट-मलकानगिरी. म्हणजे मुख्यतः आदिवासींचा आणि लहान शेतकऱ्यांचा मुलूख. त्यांनी वाण राखला, शहरातल्या शौकिनांनी त्याला नावे दिली. पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत असीलचे रंगप्रकार आजही त्या नावांनी येतात: सोनेरी लाल तो पीला, पांढरा तो नूरी, काळा-लाल तो याकूब, काळा तो कागर, आणखी चित्ता, सब्जा, टीकर. लहान चणीचा तो रेझा. लांब मानेचा, उंच तो कुलंग. फारसीत कुलंग म्हणजे क्रौंच पक्षी. पक्षी रानच्या माणसांचा आणि भाषा दरबाराची, असा हा संसार आहे.

आता या पक्ष्याचा परदेशप्रवास पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारच्या फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी असील विलायतेला नेले. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात जनरल सर वॉल्टर गिल्बर्ट यांचे नाव त्या बाबतीत सांगतात. तिथल्या झुंजीच्या कोंबड्यांशी संकर होऊन रुंद छातीचा एक नवा वाण तयार झाला. त्याचे नाव 'इंडियन गेम'. झुंजीसाठी तो कुचकामी ठरला, कारण अंगाने फार जड. पण छातीचे मांस असे की खाटकांचे डोळे चमकले.

त्याच सुमारास विलायतेत आणि अमेरिकेत कोंबड्यांचे अक्षरशः वेड पसरले. १८४२ नंतर चीनची बंदरे उघडली आणि तिथून भल्यामोठ्या कोंबड्या आल्या. राणी व्हिक्टोरियाने त्या पाळल्या म्हटल्यावर प्रत्येकाला त्या हव्याशा झाल्या. १८४९ च्या नोव्हेंबरात बोस्टनला कोंबड्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा हजारो लोक लोटले. अंड्यांच्या एका डझनाला लोक वेड्यासारखे पैसे मोजत. जॉर्ज बर्नहॅम या चलाख व्यापाऱ्याने पुढे १८५५ साली या वेडाचा इतिहासच लिहिला आणि आपण लोकांना कसे गंडवले तेही त्यात सांगून टाकले. या बाजारात सर्वांत भाव खाऊन गेलेल्या वाणाचे नाव होते 'ब्रह्मा', म्हणजे ब्रह्मपुत्रा. पक्षी बहुधा शांघायच्या बाजूचे. नाव मात्र आपल्या नदीचे, कारण त्या नावाने किंमत वाढे. गरज असली की पूर्वेचे मूळ चिकटवायचे आणि गरज संपली की काढून टाकायचे, हा व्यापाराचा रिवाज इथे स्पष्ट दिसतो. कारण 'इंडियन गेम' अमेरिकेत स्थिरावला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या नावातून 'इंडियन' गळून पडले. उरले नुसते 'कॉर्निश'.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' शोधण्याची स्पर्धा झाली. कमी दाण्यात, कमी दिवसांत, जास्त छाती भरणारा पक्षी हवा होता. १९४८ ची राष्ट्रीय स्पर्धा कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांनी जिंकली, ती कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांच्या संकराने. आजची ब्रॉयलर मुख्यतः कॉर्निश नर आणि प्लिमथ रॉक मादी यांच्या वंशातून उतरते. जगभर हॉटेलांत, लग्नांत, इफ्तारच्या दस्तरखानावर जी सहा आठवड्यांची कोंबडी येते, तिच्या अंगात दूरवरून का होईना, बस्तर-आंध्रच्या असीलचे रक्त आहे. नाव गेले म्हणून रक्त जात नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही आपली म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

पण स्वतः असील तरी किती असील? डार्विनने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे एडवर्ड ब्लाइथ यांच्याशी पत्रव्यवहार करून, भारतातून नमुने मागवून निष्कर्ष काढला की जगातल्या सर्व पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून झाल्या. सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या डोंगरांत राहणारा राखी रानकोंबडा पूर्वज असेल, ही शक्यता त्याने बाजूला सारली. हेच मत दीडशे वर्षे टिकले. २०२० साली आठशेहून अधिक कोंबड्यांच्या जनुकीय अभ्यासातून दिसले की मूळ माणसाळणे नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातल्या तांबड्या रानकोंबड्यापासून झाले. २०२२ साली आणखी एक गोष्ट पुढे आली: पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडे मध्य थायलंडमधली, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. भातशेती आली, दाणे सांडले, रानपक्षी खळ्यावर आला आणि राहिला.

म्हणजे डार्विन बरोबर होता. पण पूर्ण बरोबर नव्हता. २००८ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे, पिवळ्या पायांचे जनुक तपासले. ते तांबड्या रानकोंबड्याचे निघाले नाही. ते बहुधा राखी रानकोंबड्याकडून आले आहे. वस्तीच्या कडेला कधीतरी पाळीव कोंबडी आणि रानातला राखी नर एकत्र आले आणि त्या संकराची खूण जगभरच्या कोंबड्यांच्या पायांत राहिली. दादीअम्मांच्या असीलचे जे पिवळेधमक पाय आम्ही मूळच्या शुद्धतेची निशाणी समजत होतो, ती संकराची निशाणी होती. आणि तो राखी पूर्वज कुठला, तर या दख्खनच्याच डोंगरांतला. बाहेरून आलेला आणि इथलाच, दोन्ही एकाच अंगात. 'मूळचे कुठले?' या प्रश्नाला कोंबड्याच्या पायांनी दिलेले हे उत्तर आम्हाला पुष्कळ काही शिकवून गेले.

मग असील म्हणजे कोण? आमच्या मते, ज्याच्यात मिसळ नाही तो नव्हे. असा जीव जगात नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी निवडले, उबवले, राखले तो असील. आणि ही राखण आता तुटते आहे.

तिची कारणे अनेक आहेत. झुंज हा त्या वाणाच्या निगराणीचा मोठा आधार होता, हे कटू असले तरी खरे आहे. प्राण्यांना झुंजवणे आमच्या धर्मातही मना आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा ठरला, आणि ते योग्यच झाले. पण झुंज गेल्यावर असील कशासाठी पाळायचा, याचे उत्तर कुणी शोधले नाही. वर्षाला पाच-पन्नास अंडी देणारी, हळू वाढणारी कोंबडी तीनशे अंडी देणाऱ्या संकरित कोंबडीपुढे टिकणार कशी? त्यात खुडूक होणारी कोंबडी अंडी घालणे थांबवते, म्हणून व्यापारी पैदाशीत तो गुण निवडून निवडून काढून टाकला गेला. पांढरी लेगहॉर्न सहसा अंड्यांवर बसतच नाही. लाखो कोंबड्यांना आज आपलेच अंडे उबवता येत नाही. पिल्ले हवीत तर ती दरवेळी विकत आणायची.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत. रोग थांबवण्यासाठी पोल्ट्रीतल्या पक्ष्यांबरोबर अंगणातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. नवापूर-नंदुरबार हा 'बसरा' या आपल्या स्थानिक वाणाचाच मुलूख. सरकारने पक्ष्यामागे भरपाई दिली. पण एखाद्या भिल्ल किंवा मावची आजीने तीन पिढ्या निवडत आणलेली कोंबडी गेली, तिची किंमत कोणत्या रकान्यात लिहिणार? झाबुआच्या कडकनाथाचे नशीब थोडे बरे. २०१८ साली त्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण पाठोपाठ, २०१९ साली, सांगली-कोल्हापूरकडे याच कडकनाथच्या नावावर हजारो शेतकऱ्यांना बुडवणारा घोटाळा उघडकीस आला. बर्नहॅमची बोस्टनमधली युक्ती पावणेदोनशे वर्षांनी आपल्याकडे पोहोचली, एवढेच.

दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आमचा गुन्हाही कबूल केला पाहिजे. ऐंशीच्या दशकात जास्त अंड्यांच्या लोभाने आम्हीच पांढरे कोंबडे घरी आणले. शिकलेले आम्हीच होतो ना! दादीअम्मा काही बोलल्या नाहीत. तीन-चार वर्षांत अंगणातली पिल्ले पांढुरकी, आखूड पायांची होत गेली. एके वर्षी रवणाची पाटी तयार होती आणि बसायला एकही कोंबडी खुडूक झाली नाही. दादीअम्मांनी ती पाटी माळ्यावर टाकली. त्या गेल्यावर घर आवरताना आम्हाला ती सापडली. आत राखेत गंजका खिळा तसाच होता.

गेल्या काही वर्षांत नव्या पिढीला या वाणांचे वेड लागलेले दिसते. कुणी गच्चीवर, कुणी शेतात, पैज-झुंजीशिवाय, केवळ हौसेने असील पाळतात. आमचा पुतण्या त्यांतलाच. त्याने थर्मोस्टॅट लावलेली एक छोटी उबवणी पेटी करून घेतली आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या एका शेतकऱ्याकडून बारा अंडी आणली. एकविसाव्या दिवशी सात पिल्ले निघाली. त्यांतल्या चार तलंगी आता अंगणात उंच मानेने फिरतात. परवा त्याने विचारले, "चाचा, ह्या खऱ्या असील आहेत का हो?"

आम्ही त्यांच्या पिवळ्या पायांकडे पाहिले. म्हणालो, "पाटी तयार ठेव. खुडूक होऊन बसते का ते आधी बघू."